चेहरा दिसला पाहिजे : कॅमेऱ्याचा फ्लॅश कमी-जास्त कसा करावा

जयंतीची मिरवणूक संपते, मंडळाची पोरे पहाटे घरी जातात आणि सकाळी नऊपासून वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोंचा पूर येतो. त्यांतले रात्रीचे फोटो कसे असतात हे वेगळे सांगायला नको. काहींत चेहरे पिठाने माखल्यासारखे पांढरेफटक, कपाळावर घामाचा चकाकणारा डाग. काहींत पांढरा सदरा तेवढा दिसतो आणि त्यावर चेहऱ्याच्या जागी सावली. "कॅमेराच हलका आहे" असे म्हणून आपण पुढे जातो. कॅमेरा हलका नसतो. फ्लॅश किती तेजाने पाडायचा हे आपण कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडलेले असते आणि त्याची मर्जी अशा प्रसंगी हमखास चुकते.

हा लेख आम्ही लिहीत आहोत त्याला कारण आमचीच एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या विहारात ज्येष्ठ उपासक-उपासिकांचा सत्कार होता. त्यात एक आजी होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्या आईवडिलांबरोबर नागपूरला गेल्या होत्या, तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या असतील. त्या दिवसाबद्दल त्या अर्धा तास बोलल्या. आम्ही त्यांचे तीस-चाळीस फोटो काढले, सगळे हिरव्या ऑटो मोडवर. घरी येऊन संगणकावर पाहिले, तर आजींचे पांढरे लुगडे राखाडी झालेले आणि चेहरा काळवंडलेला. हनुवटीवरचे गोंदण दिसत नव्हते, डोळे तर अंधारातच. फोटो जेपेगमध्ये होते, उजळवायला गेलो की चेहऱ्यावर दाणे-दाणे येत. पुन्हा जाऊन नीट काढू असे आम्ही ठरवले. दोन महिन्यांनी त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फ्लेक्सवर लावायला घरच्यांनी आमच्याकडेच फोटो मागितला.

त्या दिवशी एक बटण माहीत असते, तर हे झाले नसते. त्या बटणाची ही गोष्ट.

प्रकाश किती, हे कोण ठरवते?

आजच्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत फ्लॅश टीटीएल पद्धतीने चालतो. आपण बटण दाबतो तेव्हा खरे तर फ्लॅश दोनदा उडतो. पहिला अगदी बारीक, चाचपणीचा. तो समोरच्या वस्तूंवर आपटून लेन्समधून परत येतो, कॅमेरा तो मोजतो आणि मुख्य फ्लॅश किती पाडायचा हे ठरवतो. ही सगळी घडामोड सेकंदाच्या छोट्याशा भागात होते, म्हणून आपल्याला एकच लखलखाट वाटतो.

अडचण मोजणीत आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, असे कॅमेरा धरून चालतो. समोर पांढरे पुष्कळ असेल, तर प्रकाश जोरात परत येतो. कॅमेऱ्याला वाटते, फार झाले, आणि तो फ्लॅश कमी पाडतो. पांढरे लुगडे राखाडी आणि चेहरा त्याहून काळोखा, हे त्यामुळेच. उलट, रात्रीच्या मिरवणुकीत चेहऱ्यामागे मोकळे काळे आकाश असते. तिथून काहीच परत येत नाही. कॅमेरा समजतो की दृश्य अंधारे आहे आणि पूर्ण ताकदीने फ्लॅश पाडतो. मग मधला माणूस पिठासारखा होतो. नव्या कॅमेऱ्यांची मोजणी पूर्वीपेक्षा हुशार आहे, काहींना चेहराही ओळखता येतो. तरीही पांढरे कपडे आणि सावळे चेहरे एकाच चौकटीत आले की तो गोंधळतो. आपल्या कार्यक्रमांत तर हीच जोडी सर्वांत जास्त असते. विहारात वंदनेला बसलेली पांढऱ्या साड्यांची रांग डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल.

म्हणून जो नियम लक्षात ठेवायचा तो पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो. चौकटीत पांढरे जास्त असेल तर फ्लॅश वाढवायचा. काळे किंवा रिकामा अंधार जास्त असेल तर कमी करायचा.

ते बटण

या सोयीचे नाव फ्लॅश एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. कॅमेऱ्यावर किंवा मेनूत तिची खूण म्हणजे विजेचा वाकडा बाण आणि शेजारी अधिक-उणे. नुसते अधिक-उणे असलेले बटण वेगळे, ते मुख्यतः एकंदर उजेडासाठी असते. (निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये त्या साध्या बटणाचा परिणाम फ्लॅशवरही होतो, म्हणून दोन्ही आकडे एकदम बदलू नका. नाही तर काय कशामुळे बदलले तेच कळत नाही.)

सर्वांत आधी मोडची चकती हिरव्या ऑटोवरून काढा. ऑटोमध्ये ही सोय बंद असते. लोक मेनूत तासभर शोधतात आणि पर्याय पुसट दिसतो, निवडताच येत नाही, त्याचे कारण हेच. चकती पी वर आणा. पी म्हणजे जवळजवळ ऑटोच, फक्त काही निर्णय आपल्या हातात येतात. ज्यांना अ‍ॅपर्चर-शटर कळते त्यांनी ए किंवा एव्ही वर, नाही तर सरळ एम वर जावे.

कॅननच्या साध्या डीएसएलआरमध्ये क्यू बटण दाबले की पडद्यावर सगळी खुणांची पाटी येते, त्यात विजेच्या बाणाची खूण निवडून चाक फिरवायचे. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० सारख्या कॅमेऱ्यांत फ्लॅशचे बटण आणि अधिक-उण्याचे बटण एकत्र दाबून धरायचे आणि चाक फिरवायचे. तीन बोटांची कसरत आहे, पण दोन दिवसांत सवय होते. सोनीमध्ये एफएन बटणाच्या यादीत फ्लॅश कॉम्प नावाने ते सापडते. मॉडेल बदलले की जागा थोडी बदलते, खूण मात्र तीच.

आकडे स्टॉपमध्ये असतात. +१ म्हणजे फ्लॅशचा प्रकाश दुप्पट, −१ म्हणजे निम्मा, −२ म्हणजे पाव. मधल्या पायऱ्या एक तृतीयांशाच्या. कॅननमध्ये मॉडेलप्रमाणे दोन्हीकडे २ किंवा ३ स्टॉप मिळतात. निकॉनमध्ये खाली −३ पर्यंत जाता येते, वर मात्र +१ पर्यंतच.

आमचा अनुभव असा : पांढऱ्या साडीतल्या किंवा पांढऱ्या सदऱ्यातल्या सावळ्या माणसाचा जवळून फोटो असेल तर +⅔ पासून सुरुवात करावी. मोकळ्या मैदानात रात्री एकट्या वक्त्याचा फोटो असेल तर −१ पासून. हे आकडे म्हणजे पंचशील नव्हे. एक फोटो काढा, बघा, मग हलवा.

बघताना एक फसगत होते. अंधारात कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांना फार उजळ दिसतो, त्यामुळे काळवंडलेला फोटोही छान वाटतो. आजींच्या वेळी आम्हीही पडद्यावर पाहून खूश झालो होतो. म्हणून हिस्टोग्राम उघडायची सवय लावा. सगळा डोंगर डावीकडे चिकटला असेल तर फोटो अंधारा आहे, पडदा काहीही म्हणो. शिवाय प्लेबॅकमध्ये अति उजळ भाग लुकलुकून दाखवण्याची सोय असते, ती चालू ठेवा. साडीची एखादी घडी लुकलुकली तरी चालेल. चेहरा लुकलुकता कामा नये.

आणखी दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. कॅननमधले ऑटो लाइटिंग ऑप्टिमायझर आणि निकॉनमधले अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग ही कामे फोटो काढल्यावर गुपचूप त्याचा उजेड सावरतात. त्यामुळे आपण −१ केले तरी फोटो फारसा बदललेला दिसत नाही आणि बटण बिघडले असे वाटते. शिकत असताना ती बंद ठेवा. दुसरे, हा आकडा कॅमेरा बंद केला तरी बहुधा तसाच राहतो. रात्री −१⅓ वर ठेवलेला कॅमेरा दुसऱ्या दिवशी लग्नात उघडला की नवरानवरी अंधारात. कार्यक्रम संपला की शून्यावर आणून ठेवा.

याच बटणाचा एक जुना अवतार

फ्लॅश वाढवण्याच्या बटणाला एक इतिहास आहे आणि तो चळवळीतल्या तरुणांना माहीत असावा असे आम्हाला वाटते.

रंगीत फिल्मच्या काळात फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना कोडॅककडून एक नमुन्याचे कार्ड येई. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. तिची त्वचा बरोबर दिसली म्हणजे यंत्र बरोबर लागले. त्या कार्डांना पुढे शर्ली कार्ड असेच नाव पडले. कॅनडातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी या विषयावर संशोधन केले आहे. गडद रंगछटा नीट येत नाहीत ही तक्रार कंपनीने गांभीर्याने घेतली, त्यात मोठा वाटा फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांचा होता, असे त्यातून पुढे आले. लाकडाच्या दोन जातींतला फरक जाहिरातीत दिसत नव्हता म्हणून. काळ्या मुलांचे शाळेच्या वर्गफोटोतले चेहरे त्याआधी कितीतरी वर्षे अंधारात जात होते.

दक्षिण आफ्रिकेतली गोष्ट याहून कडू आहे. वर्णभेदाच्या राजवटीत १६ वर्षांवरील प्रत्येक काळ्या माणसाला पासबुक जवळ बाळगावे लागे. ते नसेल तर अटक. या पासविरुद्ध निदर्शने करणाऱ्यांवर २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि ६९ जण मारले गेले. पासबुकावर फोटो लागे आणि त्या फोटोंसाठी पोलरॉइड कंपनीची झटपट फोटोची यंत्रणा वापरली जाई. पोलरॉइडचा आयडी-२ नावाचा कॅमेरा होता. त्याला दोन लेन्स : एक समोरचा चेहरा, एक बाजूचा. आणि मागे एक बटण, जे दाबले की फ्लॅशचे तेज वाढे. अ‍ॅडम ब्रूमबर्ग आणि ऑलिव्हर चॅनरिन या दोन कलावंतांनी अलीकडे हाच जुना कॅमेरा मिळवून त्यावर प्रदर्शन केले. ही वाढ ४२ टक्के होती, असे ते सांगतात.

म्हणजे सावळ्या त्वचेला थोडा जास्त प्रकाश लागतो हे ज्ञान होते, त्यासाठी बटणही होते. वर्गफोटोसाठी, लग्नासाठी, घरच्या आल्बमसाठी ते कुणाला सुचले नाही. माणसाला रस्त्यात अडवून त्याचा पास तपासायचा तेव्हा मात्र चेहरा स्पष्ट हवा होता.

ही गोष्ट कंपनीतल्याच दोघांनी उघडकीस आणली. कॅरोलिन हंटर या पोलरॉइडमध्ये रसायनतज्ज्ञ होत्या, केन विल्यम्स छायाचित्रकार. दोघेही आफ्रिकन-अमेरिकन. १९७० साली कार्यालयात त्यांना दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याच्या ओळखपत्राचा एक नमुना दिसला. त्यांनी विचारपूस केली, पत्रके लावली, सहकाऱ्यांना जमवून पोलरॉइड रिव्होल्यूशनरी वर्कर्स मूव्हमेंट उभी केली आणि बहिष्काराची हाक दिली. हंटर यांना नोकरीवरून काढण्यात आले. चळवळ थांबली नाही. १९७७ मध्ये पोलरॉइडला दक्षिण आफ्रिकेतला व्यवसाय बंद करावा लागला.

आपल्याकडे हा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते, "काळा माणूस फोटोत नीट येत नाही." आमच्यातल्याच काही जणांनी ते लहानपणी स्वतःबद्दल ऐकले आहे. माणूस नीट येतो. प्रकाश कमी पडलेला असतो, आणि तो कमी पडला ही फोटो काढणाऱ्याची चूक असते. मात्र याचा दुसरा अर्थही काढू नका. काही स्टुडिओवाले "जरा उजळ करतो" म्हणून फ्लॅश +२ ला नेतात किंवा मागाहून फिल्टर लावून सगळ्या वऱ्हाडाला एकाच गोऱ्या रंगात रंगवतात. तो फोटोही खोटाच. गोंदण, सुरकुत्या, कामाने रापलेली त्वचा दिसेल इतका प्रकाश, त्याहून जास्त नको. तपासायचे असेल तर गाल आणि कपाळ पाहा : त्वचेचा पोत दिसतो का? दिसत असेल तर आकडा बरोबर आहे.

अंतराचा हिशेब

कॉम्पेन्सेशन कितीही वाढवले तरी कधी कधी काहीच फरक पडत नाही. मग फ्लॅशची ताकदच संपलेली असते. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा छोटा फ्लॅश दुबळा असतो. त्याची क्षमता गाइड नंबरने सांगतात आणि आयएसओ १०० ला तो साधारण १२ असतो. हा आकडा अ‍ॅपर्चरने भागला की किती मीटरपर्यंत प्रकाश पुरेल ते मिळते. एफ/४ ला १२ भागिले ४, म्हणजे ३ मीटर. आयएसओ ४०० केला की अंतर दुप्पट होते, ६ मीटर. सभेच्या मंडपात दहाव्या रांगेतून मंचावर फ्लॅश मारणाऱ्यांना हा हिशेब कुणीतरी सांगायला हवा. त्यांचा प्रकाश पुढच्या चार डोक्यांवर पडतो आणि मंच अंधारातच राहतो.

अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा होत नाही, पाव होतो. सामूहिक फोटोत याचा फटका बसतो. धम्म शिबिराच्या शेवटी सगळ्यांना ओळीत उभे करतो, पुढची ओळ २ मीटरवर, मागची ४ मीटरवर. मागच्यांना पुढच्यांच्या पाव प्रकाश. पुढे पाहुणे चकाकतात आणि मागे स्वयंपाक करणाऱ्या, सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्यांचे चेहरे काळोखात. यावर उपाय बटणात नाही, पायांत आहे. आपण मागे सरकावे. पुढची ओळ ४ मीटरवर आणि मागची ६ मीटरवर आली की मागच्यांना जवळजवळ निम्मा प्रकाश मिळतो. आयएसओ ४०० किंवा ८०० ठेवावा आणि ओळी शक्य तितक्या जवळ, थोड्या कमानीत उभ्या कराव्यात.

दिवसाही फ्लॅश लागतो, हे पुष्कळांना पटत नाही. ६ डिसेंबरला दादरला दुपारच्या उन्हात रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर टोपी असते, पदर असतो, कधी पेपरची घडी. डोळ्यांवर गडद सावली पडते. तिथे −१ वर ठेवलेला फ्लॅश ती सावली अलगद भरून काढतो आणि फ्लॅश मारला आहे हे कळतही नाही. फक्त भर उन्हात अ‍ॅपर्चर एफ/११ च्या आसपास जाते, म्हणजे छोट्या फ्लॅशची मजल जेमतेम १ मीटर. जवळ जाऊन, विचारून काढा. विचारणे तसेही गरजेचेच आहे. दोन दिवस प्रवास करून आलेल्या थकल्या माणसाच्या तोंडावर न विचारता फ्लॅश मारू नये.

मेणबत्त्या, काच आणि निळी भिंत

बुद्ध पौर्णिमेला शेकडो मेणबत्त्या लावतो आणि फोटोत त्यांचा उजेड कुठेच नसतो. फ्लॅशने तो मारून टाकलेला असतो. इथे फ्लॅश −१⅔ किंवा −२ पर्यंत खाली आणा आणि शटर सावकाश करा, सेकंदाचा पंधरावा भाग किंवा त्याहून थोडे हळू. मेणबत्तीचा पिवळा उजेड शटर गोळा करते, चेहऱ्यापुरता थोडा प्रकाश फ्लॅश देतो. कॅननमध्ये एव्ही मोडवर शटर आपोआप सावकाश होते. निकॉनमध्ये स्लो सिंक वेगळे निवडावे लागते. हात स्थिर हवा, खांबाला टेकून उभे राहा. उलट बाजूची मर्यादाही लक्षात असू द्या. एम मोडमध्ये शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेले, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो.

काचेच्या तसबिरी हा आपल्या प्रत्येक कार्यक्रमातला अडथळा. बाबासाहेबांच्या तसबिरीला पुष्पहार घालतानाचा फोटो हवाच असतो आणि नेमका काचेवर फ्लॅशचा पांढरा गोळा उमटतो, तोही बरोबर चेहऱ्यावर. समोरून काढू नका. दोन पावले बाजूला व्हा, तिरक्या कोनातून काढा, म्हणजे गोळा दुसरीकडे परावर्तित होतो. तसबीर थोडी पुढे झुकवून लावली असेल तर तेही कामाला येते. पितळी बुद्धमूर्तीचे तसेच : फ्लॅश −१ आणि बाजूने. मूर्तीच्या मुद्रेवरचा शांत भाव समोरून मारलेल्या फ्लॅशने सपाट होतो.

ज्यांच्याकडे वरून बसवायचा वेगळा फ्लॅश आहे, त्यांनी त्याचे डोके छताकडे वळवावे. प्रकाश छतावरून खाली पसरून येतो, नाकाखाली कडक सावली पडत नाही, चष्मा चमकत नाही. वाटेत साधारण दोन स्टॉप प्रकाश वाया जातो, म्हणून तेवढा वाढवावा लागतो. पण आधी छत आणि भिंत पाहा. आपल्या कितीतरी विहारांच्या भिंती निळ्या असतात. निळ्या भिंतीवरून परतलेला प्रकाश चेहऱ्यांनाही निळसर करतो. मंडपाच्या पिवळ्या कापडाखाली सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसते. पत्र्याचे उंच छत असेल तर प्रकाश परत येतच नाही. अशा ठिकाणी पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा रबरबँडने फ्लॅशच्या मागे लावायचा. वाढदिवसाच्या केकचा खोका कापला तरी चालतो, आमचा पहिला तसाच होता. छोट्या फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर धरला तरी त्याची धार कमी होते.

स्वस्तातल्या वेगळ्या फ्लॅशमध्ये बहुधा टीटीएल नसते. तिथे कॉम्पेन्सेशन हा प्रकारच नाही, ताकद थेट आपण ठरवायची : १/१ म्हणजे पूर्ण, मग १/२, १/४, १/८ असे उतरत १/१२८ पर्यंत. प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा. भाषणाचे फोटो काढताना वक्ता जागेवरच असतो, तेव्हा ही पद्धत टीटीएलपेक्षा भरवशाची. एकदा १/८ बरोबर बसला की तासभर बघायला नको, कारण पांढरा सदरा आला काय नि काळा कोट आला काय, फ्लॅश तेवढाच पडतो. सेल उतरले की मात्र तीन फोटोंत एक अंधारा येऊ लागतो. फ्लॅश भरल्याचा दिवा लागेपर्यंत थांबायचे.

मोबाईलवाल्यांसाठी एवढेच : मोबाईलचा फ्लॅश हा छोटा एलईडी दिवा आहे, कॅमेरा अ‍ॅपमध्ये बहुधा त्याचे तेज बदलता येत नाही. तो बंद ठेवा. मित्राला त्याच्या मोबाईलची टॉर्च लावून बाजूला उभे करा आणि टॉर्चवर पांढरा कागद धरायला सांगा. मित्र पुढे-मागे सरकला की प्रकाश कमी-जास्त.

जिथे आकडा शून्याच्याही खाली जातो

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे कर्मचारी तिथे सतत सांगत असतात आणि आपलीच सहलीला आलेली मुले सतत विसरत असतात. दीड-दोन हजार वर्षे टिकलेल्या रंगांवर रोज हजारो लखलखाट कशाला? तिथे फ्लॅश सक्तीने बंद करण्याची खूण निवडा, ऑटोवर तो स्वतःहून उघडतो. आयएसओ १६०० किंवा ३२०० करा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, दम रोखून काढा. थोडे दाणे आले तर येऊ द्यात.

ध्यान चालू असताना, भन्ते धम्मदेसना देत असताना, अगदी तान्ह्या बाळाच्या नामकरणाच्या वेळीही हेच. फोटो हवाच असेल तर सुरुवातीला एक-दोन, −२ वर, भिंतीवरून वळवून. मग कॅमेरा खाली.

सराव कसा करायचा? कार्यक्रमाच्या दिवशी नको, आधीच्या आठवड्यात. रात्री गच्चीवर एका मित्राला पांढरा सदरा घालून २ मीटरवर उभे करा. एकदा मागे मोकळा अंधार, एकदा मागे पांढरी चादर. प्रत्येक वेळी −१, शून्य, +१ असे तीन फोटो. रॉमध्ये काढता येत असतील तर तसेच काढा, आजींचे फोटो रॉमध्ये असते तर बरेचसे सावरता आले असते. सहाही फोटो संगणकावर शेजारी शेजारी ठेवा आणि कोणत्या आकड्याला मित्राचा चेहरा त्याच्यासारखा दिसतो ते कागदावर लिहा. आमचा तो कागद अजून कॅमेऱ्याच्या पिशवीत आहे, सेलोटेप लावलेला. त्यावर पहिलीच ओळ आहे : पांढरे लुगडे, विहार, ट्यूबलाइट, +⅔.